तांब्या, वांगे आणि मुलांचा डोळा

मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून जितका खल होतो, तितका दुसऱ्या कोणत्याही विषयाचा क्वचितच होत असेल. पाढे, स्तोत्रे, व्याकरण, इंग्रजी संभाषण, गणिताच्या स्पर्धापरीक्षा यांपैकी एकेकाचा काटेकोर हिशेब ठेवण्यात येतो. मात्र डोळ्यांस पाहावयास शिकवावे लागते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. डोळे जन्मतःच मिळाले, तेव्हा पाहणेही आपोआप आले, अशी आपली समजूत असते. कान जन्मतः मिळाले म्हणून षड्ज-पंचमांतील अंतर आपोआप कळते, असे मात्र कोणी म्हणत नाही. त्यासाठी मिरजेच्या कारागिरांचा तंबोरा घरी आणतात आणि मुलास त्याच्यापुढे बसवितात. मग डोळ्यांच्या तालमीसाठी घरात काय आणावे?

आमचे उत्तर असे की, काहीच आणावयास नको. पाण्याचा तांब्या, फुलपात्र, पोळपाट, लोणच्याची बरणी, देवघरातील समई आणि भाजीच्या टोपलीतील वांगी एवढे साहित्य प्रत्येक घरात आहेच. समोर मांडलेली निश्चल वस्तू पाहून तिचे चित्र काढणे यास वस्तुचित्र अथवा स्थिरचित्र म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या रेखाकला परीक्षांमुळे ही नावे आपल्याकडे घरोघर परिचित झालेली आहेत. एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र असते, इंटरमीजिएट परीक्षेत स्थिरचित्र असते, आणि या परीक्षांतील यशाबद्दल शालान्त परीक्षेत काही अधिक गुणांची सवलत मिळत आलेली आहे.

सवलत देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. परंतु तिच्यापायी एक विपरीत प्रकार जागोजाग दृष्टीस पडू लागला आहे. मुले समोरची वस्तू न पाहता पुस्तकातील तयार नमुना पाठ करतात. एक बादली, तिच्या शेजारी एक चेंडू, मागे एक पडदा आणि उजव्या हातास एक पडछाया! परीक्षेत बादलीऐवजी किटली आली तरी पडछाया उजवीकडेच पडते, मग खोलीची खिडकी कोठेही असो. यास घोकंपट्टी म्हणावे, चित्रकला म्हणू नये. आणि नमुना पाठ न होणारे मूल वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी “मला चित्र काढता येत नाही” असे म्हणून पेन्सिल खाली ठेवते, ती बहुधा जन्मभर पुन्हा उचलीत नाही. अध्यापनाच्या दीर्घ काळात हे वाक्य आम्ही इतक्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे की, त्याची दखल घेणे आम्हांस अवश्य वाटते.

आपल्याच मुलखातील दाखले

“चित्रे काढून पोट भरेल काय?” हा प्रश्न येथे कोणी वडीलधारे विचारतीलच. त्यास उत्तर शोधण्यासाठी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांबाहेर जाण्याचे कारण नाही. हे दोन जिल्हे म्हणजे एका घरातून विभक्त झालेले भाऊच होत. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यासच १९६० साली सांगली हे नाव मिळाले. या मुलखात औंध नावाचे एक लहानसे संस्थान होते. ते १९४८ साली विलीन झाले, आणि औंध गाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ते स्वतः हाती कुंचला धरणारे चित्रकारही होते. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेल्या चित्रांचे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध झाले. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे, जुन्या शैलींतील लघुचित्रे, एवढेच नव्हे तर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे शिल्पही त्या आडवळणाच्या गावी पाहावयास मिळते. सातारा वा सांगली येथील कुटुंबाने एका रविवारी मुलांना घेऊन जावे आणि सायंकाळी घरी परतावे, इतके ते जवळ आहे.

याच औंधास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर अनेक वर्षे राहिले. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण त्यांस वंदन करतो. पण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी रीतसर चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, आणि हैदराबाद व लाहोर येथे व्यक्तिचित्रे रंगवून ते आपला चरितार्थ चालवीत असत, हे किती घरांतून सांगितले जाते? त्यांचे चिरंजीव माधवराव सातवळेकर हे नामांकित चित्रकार झाले व पुढे महाराष्ट्र राज्याचे कलासंचालकही झाले.

तिसरा दाखला कारखानदाराचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली चित्रकला शिकण्यासाठी त्याच जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाही, असे आढळून आल्यामुळे त्यांस रंगकाम सोडावे लागले. पण रेखा सुटली नाही. ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्याचे अध्यापनही त्यांनी केले, आणि पुढे औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराचा फाळ जमिनीत कोणत्या कोनाने शिरावा, हे आधी कागदावर पाहता आले पाहिजे. ते पाहणारा डोळा वस्तू समोर ठेवून रेखा काढता काढताच तयार होतो.

एक राजा, एक वेदपंडित, एक कारखानदार! तिघांनीही तारुण्यात समोरच्या वस्तूकडे टक लावून पाहण्याचा अभ्यास केला, आणि तो अभ्यास तिघांसही आपापल्या क्षेत्रात उपयोगी पडला. तेव्हा मुलगा चित्रकार होणार आहे की नाही, हा प्रश्न येथे गौण होय. चित्रकलेचा तास हा पाहण्याचा तास आहे, एवढे मान्य झाले म्हणजे पुरे.

मूल काय काढते?

आता मुलाकडे वळू. पाच वर्षांच्या मुलापुढे तांब्या ठेवून “याचे चित्र काढ” म्हणावे. ते बहुधा तांब्याचे तोंड वाटोळे गरगरीत काढते आणि बूड मात्र सरळ रेषेने काढते. घरातील थोर मंडळी यावर हसतात. वास्तविक मुलाचे म्हणणे तर्कशुद्ध असते. तांब्याचे तोंड वाटोळे आहे, हे त्यास ठाऊक आहे. तांब्या सपाट पाटावर टेकलेला आहे, हेही त्यास ठाऊक आहे. त्याने जे जाणले ते काढले. जे दिसले ते अद्याप त्याने पाहिलेलेच नाही.

या विषयी परदेशात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. फ्रीमन व जॅनिकून या संशोधकांनी १९७२ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांपुढे त्यांनी एक पेला ठेवला. त्याचा कान मागच्या बाजूस, म्हणजे मुलांना न दिसेल असा होता, आणि पुढच्या बाजूस एक फूल रंगविलेले होते. सुमारे आठ वर्षांखालील मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारे फूल गाळले. त्याहून मोठ्या मुलांनी फूल काढले आणि कान गाळला. हा प्रयोग वाचकांनी घरी चहाच्या कपावर अवश्य करून पाहावा. एकत्र कुटुंबात पाच वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुले एकाच ओसरीवर मिळतात. संशोधकांस याहून सोयीची जागा कोठे मिळणार?

तात्पर्य असे की, लहान मुलाचा लपलेला कान ही चूक नव्हे. तो बुद्धीच्या वाढीतील एक टप्पा आहे. त्या टप्प्यावर खोडरबर घेऊन धावणारा वडील मुलाचे नुकसानच करतो. उलट, आठ-नऊ वर्षांचे मूल दिसते तसे काढू पाहते, हातास ते साधत नाही, आणि त्यास आपल्या चित्राची लाज वाटू लागते. पेन्सिल खाली ठेवण्याचा क्षण हाच होय. नेमक्या याच वेळी त्यास सोबतीची व युक्तीची गरज असते, आणि आपण मात्र त्याच वेळी त्याच्या हाती परीक्षेचा तयार नमुना देतो.

थोरांच्या संगतीत

अशा वेळी थोर चित्रकारांची संगत फार उपयोगी पडते. जी चित्रे पाहण्यास पूर्वी पॅरिस वा शिकागोस जावे लागे, ती आज मोबाइलच्या पडद्यावर घरबसल्या दिसतात. पण येथे एक पथ्य सांभाळले पाहिजे. ते चित्र समोर ठेवून त्याची नक्कल मुळीच करवू नये. चित्र पाच मिनिटे पाहावे, त्यावर दोन प्रश्न विचारावे, पडदा मिटवावा, आणि मग आपल्या घरच्या वस्तू मांडून त्या चित्रकाराने जसे पाहिले तसे पाहावे. कीर्तनकाराच्या मुखातून आख्यान ऐकून आलेले मूल घरी स्वतःच्या शब्दांत ते सांगते, तसाच हा प्रकार आहे.

पहिले नाव शार्दँ (१६९९–१७७९) या फ्रेंच चित्रकाराचे घ्यावे. त्याच्या काळी त्या देशातील कलापंडितांनी चित्रांच्या प्रकारांची उतरंड लावली होती. देवादिकांची व राजेरजवाड्यांच्या पराक्रमांची चित्रे सर्वांत वर, आणि फळे-भांडी यांची चित्रे अगदी तळाशी. शार्दँने तळाचीच जागा पत्करली. १७६० च्या सुमारास काढलेल्या त्याच्या एका चित्रात पाण्याने भरलेला काचेचा पेला, काळसर कॉफीपात्र आणि थोडा लसूण एवढेच आहे. मुलांस विचारावे, “काच तर दिसत नाही, मग पेला कसा दिसला?” ती शोधून काढतात की, पेल्याच्या कडेवर उजेडाची बारीक रेघ आहे आणि मागची भिंत पाण्यातून निराळ्या रंगाची दिसते आहे. मग आपला काचेचा पेला पाण्याने भरून खिडकीशी ठेवावा.

दुसरा सांचेझ कोतान हा स्पॅनिश चित्रकार. १६०२ च्या सुमाराचे त्याचे एक चित्र आहे. खिडकीच्या काळोख्या चौकटीत एक फळ व एक कोबी दोरीने टांगलेले, खाली कापलेले खरबूज आणि कडेवरून किंचित पुढे आलेली काकडी. दुसऱ्याच वर्षी हा गृहस्थ मठात जाऊन विरक्त झाला. त्याचे चित्र पाहताच आपल्या जुन्या घरांतील कोनाडा आठवतो. कोनाड्यात एक लिंबू व एक वांगे ठेवावे, वरून लसणाची जुडी टांगावी. मागचा काळोख आणि पुढचा उजेड यांची गंमत मुलांस एका दृष्टिक्षेपात कळते.

तिसरा कॅराव्हाजो. मिलान येथील त्याची फळांची करंडी सुप्रसिद्ध आहे. त्या करंडीतील सफरचंदास कीड लागलेली आहे आणि पाने वाळून कुरतडलेली आहेत. चित्रासाठी बाजारातून निवडक, तुकतुकीत फळेच आणावी लागतात, हा आपल्या गृहिणींचा समज हे चित्र दूर करील. डाग असलेले केळे चित्रासाठी उत्तम, कारण डाग काढण्यासाठी तरी मूल केळ्याकडे नीट पाहते.

चौथा सेझान (१८३९–१९०६). शिकागो येथे असलेल्या त्याच्या सफरचंदांच्या टोपलीच्या चित्रात मेजाची डावी कड आणि उजवी कड एका रेषेत येतच नाहीत. ज्या मुलास वेडीवाकडी रेघ आली म्हणून रडू येते, त्यास हे चित्र जरूर दाखवावे आणि सांगावे की, या माणसाने जाणूनबुजून असे काढले आणि जगाने त्यास गुरू मानले. सेझान इतका सावकाश काम करी की, समोरची फळे कुजून जात. सातारकरांनी हवे तर कंदी पेढे मांडावे. परंतु चित्र पुरे होईपर्यंत ते शिल्लक राहतील अशी हमी आम्ही देत नाही.

पाचवा इटलीतील मोरांदी (१८९०–१९६४). बोलोन्या शहरात आपल्या तीन बहिणींसह एका घरात राहून, निजण्याच्या खोलीतच काम करून, त्याने जन्मभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि सुरया रंगविल्या. रोज नवे खेळणे मागणाऱ्या मुलांस ही कथा सांगण्यासारखी आहे. तीनच वस्तू घ्याव्या आणि पाच दिवस पाच प्रकारे मांडाव्या : दाटीवाटीने, दूरदूर, एकामागे एक. वस्तू त्याच, चित्र मात्र दर खेपेस वेगळे.

सहावा व्हॅन गॉग. १८८८ साली त्याने आपली साधी लाकडी खुर्ची रंगविली. तिच्यावर त्याची चिलीम व तंबाखू ठेवलेली आहे. माणूस चित्रात नाही, तरी त्या खुर्चीचा धनी कोण असावा हे कळते. आपल्या घरी मुलांनी आजोबांची आरामखुर्ची काढावी. तिच्यावर वर्तमानपत्र व चष्मा ठेवावा, आणि आजोबांनी मात्र तेवढा वेळ दुसरीकडे बसावे! एकत्र कुटुंबात प्रत्येकाची एक ठरलेली वस्तू असते. आजीची सहाण, काकांची अडकित्ता-पानसुपारी, आईचा वेळणीचा झाकलेला डबा. या वस्तूंची चित्रे म्हणजे त्या माणसांचीच चित्रे होत.

आपल्याकडचे नाव हवे असेल तर के. एच. आरा (१९१४–१९८५) यांचे घ्यावे. लहान वयात मुंबईस येऊन त्यांनी परक्यांच्या घरी नोकरी केली, मोटारी धुण्याचे काम केले, आणि फावल्या वेळात चित्रे काढली. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत ते होते, आणि फुलदाण्यांची व फळांची त्यांची स्थिरचित्रे विशेष नावाजली गेली.

ओसरीवरचा पाठ

प्रत्यक्ष पाठ कसा द्यावा, ते आता थोडक्यात सांगतो. वेळ अर्ध्या तासाहून अधिक नसावा. साहित्यास पाटी व खडू, जाड कागद, मऊ पेन्सिल आणि थोडे रंगीत खडू पुरे आहेत. लहानांस गेरूने अंगणात काढू दिले तरी चालेल. मुले खाली बसतात, म्हणून वस्तू पाटावर किंवा चौरंगावर मांडावी. उजेड एकाच बाजूने यावा. दोन दिवे असले की सावल्यांचा गोंधळ उडतो.

चार ते सहा वर्षांच्या मुलास आधी वस्तू हाताळू द्यावी. वांग्याचा गुळगुळीतपणा, देठाचे काटे, तांब्याचा थंडावा, हळकुंडाच्या गाठी यांचा स्पर्श झाला म्हणजे डोळा हातामागून येतो. या वयात दुरुस्ती शून्य. “हे काय काढलेस?” असे विचारू नये, “याविषयी मला सांग” असे म्हणावे.

सात-आठ वर्षांच्या मुलास बांगडीचा खेळ दाखवावा. बांगडी त्याच्या डोळ्यांसमोर आडवी धरावी. ती केवळ एक रेघ दिसेल. मग ती हळूहळू खाली न्यावी. रेघेचे लांबट वर्तुळ होईल, आणि जितकी खाली न्याल तितके ते रुंदावत जाईल. हीच बांगडी म्हणजे तांब्याचे तोंड. तांब्याचे बूड हीही एक बांगडीच, फक्त अधिक खाली धरलेली, म्हणून तिचा बाक तोंडाहून थोडा अधिक. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल बूड सरळ काढीत नाही, आणि त्यासाठी त्यास कोणी रागे भरावे लागत नाही.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांस तीन युक्त्या द्याव्या. पहिली मापाची. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने तांब्याची रुंदी मोजावी, आणि उंचीत ती किती वेळा बसते ते पाहावे. दुसरी मोकळ्या जागेची. किटलीचा कान काढावयाचा असेल तर कान व पोट यांच्यामध्ये जी रिकामी जागा दिसते तिचा आकार काढावा; कान आपोआप बरोबर येतो. तिसरी छायेची. डोळे किलकिले करावे म्हणजे बारीक तपशील नाहीसे होऊन उजेड, मध्यम व काळोख असे तीनच भाग उरतात. कृष्णाकाठच्या वांग्यावर हा पाठ उत्तम वठतो. जांभळ्या रंगात खिडकीचा पांढरा कवडसा चमकतो, आणि पाट तांबडा असेल तर वांग्याच्या खालच्या कडेस तांबूस झाक येते. सावली काळी नसून तिलाही रंग असतो, हे ज्या दिवशी मुलास कळते, तो दिवस पंचांगात नोंदवून ठेवण्यासारखा!

रात्रीचा एक पाठ समईपुढे द्यावा. सावळाराम हळदणकर यांनी १९४५–४६ च्या सुमारास काढलेले, हाती दीप घेतलेल्या युवतीचे जलरंगातील चित्र पुष्कळांनी पाहिलेले असेल. ते मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि अनेक घरांतून ते चुकीने रविवर्म्याचे म्हणून सांगितले जाते. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून उजेड कसा पाझरतो ते त्यात पाहावे, आणि मग विजेचे दिवे मालवून समईच्या उजेडात एक फुलपात्र मांडावे. दिवसाचेच फुलपात्र रात्री निराळे दिसते, हे पाहून मुले थक्क होतात.

वडीलधाऱ्यांस दोन शब्द

आपल्या परंपरेत या विषयाचे शास्त्र नाही असे मात्र कोणी समजू नये. यशोधर पंडिताच्या जयमंगला टीकेत चित्राची सहा अंगे दिली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायेस वर्तना म्हटले आहे व तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी बिन्दुज म्हणजे ठिपक्यांनी साधलेली छाया. ती तर मुलांस पेन्सिलीने सहज करता येते. वर सांगितलेली पेन्सिलीची युक्ती म्हणजे प्रमाण, बांगडीचा खेळ म्हणजे सादृश्य, आणि वांग्याखालची तांबूस झाक म्हणजे वर्णिकाभंग. ही नावे मुलांस पाठ करावयास लावू नयेत. ज्या दिवशी ती गोष्ट त्यांच्या हातून घडेल, त्या दिवशी तिचे नाव सांगावे. नाव मग विसरत नाही.

चित्र पाहताना “छान” म्हणून पुढे जाऊ नये, आणि “हे असे नसते” असेही म्हणू नये. दोहोंनी पाहणे थांबते. “तांब्याच्या गळ्याशी उजेड कोठे होता?” “बरणी आणि लिंबू यांत कोण पुढे होते?” असे प्रश्न मुलास पुन्हा वस्तूकडे पाठवितात. मुलाच्या चित्रावर आपण एकही रेघ ओढू नये. दाखवावयाचेच असेल तर शेजारी बसून आपला निराळा कागद घ्यावा. वडिलांचा तांब्या वाकडा आला की मुलांस फार धीर येतो. भावंडांच्या चित्रांची तुलना तर अगदीच वर्ज्य समजावी. चित्रावर तारीख घालून ते जपून ठेवावे, आणि सहा महिन्यांनी तीच वस्तू पुन्हा मांडून मुलाकडून त्याच्या स्वतःच्याच जुन्या चित्राशी तुलना करवावी.

परीक्षेस आमचा विरोध नाही. अशा रीतीने दोन-तीन वर्षे पाहावयास शिकलेले मूल एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांस बसले, तर समोर बादली असो की किटली, त्यास भय वाटणार नाही, आणि त्याची पडछायाही खिडकी पाहूनच पडेल. गुण मिळतीलच, पण गुणपत्रिका कपाटात गेल्यावरही डोळा त्याच्याजवळ राहील. तो पुढे वैद्य होवो, अभियंता होवो, वा संस्कृताचा अध्यापक होवो, रोग्याच्या चेहऱ्यावरील फिकटपणा, यंत्रातील किंचित वाकलेला दांडा, हस्तलिखितातील पुसट झालेली मात्रा त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

खर्च काहीच नाही. रविवारी दुपारची जेवणे उरकली, पाने काढली, की घासलेला तांब्या पाटावर ठेवावा, खिडकीचे एक दार उघडावे, आणि मुलांस जवळ बोलवावे.